पेठेतला खजिना: लोकेशनवर चालणारा मोबाइल गेम उभा करताना

पहिल्या चाचणीच्या रविवारी सकाळी सव्वानऊला आमच्या गुणतक्त्यात एक नाव झपकन सगळ्यांच्या वर गेलं. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, मंडई, विश्रामबागवाडा, केसरीवाडा. सात ठिकाणं, अकरा मिनिटांत. नाव माझ्या मावसभावाचं होतं आणि तो राहतो नागपूरला. फोन केला तर म्हणाला, "ताई, मी कसब्यातच उभा आहे. तुझा सर्व्हरच सांगतोय ना तसं?" मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

सर्व्हर तसं सांगत होता, कारण आम्ही त्याला फोनवर डोळे झाकून विश्वास ठेवायला शिकवलं होतं. त्यानंतर सगळं मोडून जे दुसऱ्यांदा बांधलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही एखादं छोटं अ‍ॅप केलेलं आहे आणि डेटाबेसमध्ये टेबल बनवता येतं, एवढं धरून चालते.

खेळ साधा आहे. पुण्याच्या जुन्या पेठांमधून चालायचं, ठरलेल्या ठिकाणी पोचलं की अ‍ॅपमध्ये प्रश्न उघडतो, उत्तर बरोबर आलं की शिक्का मिळतो. या जातीच्या खेळांचं मूळ २००० सालात आहे. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक त्या वर्षी मेच्या सुरुवातीला बंद केली आणि दोनच दिवसांत ऑरेगॉनमध्ये एकाने वस्तू भरलेली बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. जिओकॅशिंग तिथून सुरू झालं. आपल्याकडे हा प्रकार घरोघरी माहीत झाला तो २०१६ मध्ये, पोकेमॉन गोमुळे.

आधी पायी फिरा

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी प्रत्येक ठिकाणी जाऊन उभं राहा. संगणकावरच्या नकाशातून बिंदू उचलू नका. नकाशावरचा बिंदू बहुतेक वेळा वास्तूच्या मध्यावर असतो आणि आपल्याला तो हवा असतो माणूस जिथे उभा राहील तिथे. शनिवारवाड्याचा मध्य तिकिटाच्या आत येतो. आमचा बिंदू दिल्ली दरवाजासमोरच्या मोकळ्या जागेत आहे. तिथून दरवाजाच्या फळ्यांवरचे सुळे दिसतात आणि आमचा प्रश्नही त्यांच्याबद्दलच आहे.

दोन-तीन वेगवेगळे फोन बरोबर न्या, त्यात एक स्वस्तातला आणि जुना असू द्या. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन मिनिटं थांबून अक्षांश, रेखांश आणि फोन स्वतः सांगतो ती अचूकता, असे तीन आकडे वहीत टिपा. वाड्यासमोर आभाळ मोकळं आहे, तिथे आमचे सगळे फोन पाच-सहा मीटरच्या आत जुळले. तुळशीबागेच्या गल्लीत दोन्ही बाजूंना उंच इमारती, वर पत्रे आणि ताडपत्र्या. सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि फोनला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. तिथे तीस मीटरचा फरक सहज पडला. म्हणजे सगळ्या ठिकाणांना एकच त्रिज्या (बिंदूपासून किती मीटरपर्यंत 'पोचला' धरायचं ते अंतर) लावून भागत नाही. आमच्याकडे वाड्याला २० मीटर आहे आणि गल्लीतल्या ठिकाणांना ३५ ते ४०.

कुठे बिंदू टाकायचा नाही, हेही याच फेरीत ठरवा. कोणाच्या घराचं दार, दवाखाना, शाळा, रस्त्याचा मध्य, देवळाचा गाभारा, हे सगळं वगळा. २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला लोकांना विनंती करावी लागली होती की इथे पोकेमॉन पकडू नका, आणि त्याच वर्षी देवळांमध्ये खेळातली अंडी दाखवल्याबद्दल गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. देऊळ यादीत घ्यायचं असेल तर बिंदू बाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवा आणि प्रश्न बाहेरून दिसणाऱ्या गोष्टीबद्दल विचारा.

कोणाचं काम कोणी करायचं

आमचं पहिलं अ‍ॅप फोनमध्येच अंतर मोजायचं आणि सर्व्हरला कळवायचं, "पोचला, शिक्का द्या." मूळ चूक हीच. अ‍ॅप एकदा दुसऱ्याच्या फोनमध्ये गेलं की ते तुमचं राहत नाही. त्याचं पॅकेज उघडून आत बघता येतं, त्याचे कॉल, म्हणजे सर्व्हरला जाणाऱ्या मागण्या, पकडता येतात, तेच कॉल हाताने लिहून पाठवता येतात.

आताची वाटणी अशी. फोनने लोकेशन वाचायचं, नकाशा दाखवायचा, बटण दाबलं की "मी इथे आहे असं मला वाटतं" एवढंच कळवायचं. बाकी सगळं सर्व्हरकडे: अंतर मोजणं, उत्तर तपासणं, गुण देणं, वेळ धरणं. प्रश्नाचं बरोबर उत्तर फोनकडे कधीच जात नाही. पुढच्या सगळ्या ठिकाणांची यादीसुद्धा एकदम देत नाही. खेळाडूच्या तीनशे मीटरच्या आतली ठिकाणं तेवढी पाठवतो, नाहीतर खजिन्याचा नकाशा पहिल्याच मिनिटाला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो.

भाषा आणि फ्रेमवर्क यावर फार वाद घालू नका. आमच्याकडे फोनसाठी फ्लटर आहे आणि सर्व्हरवर पायथनचं फास्टएपीआय. तुम्हाला नोड किंवा जँगो येत असेल तर तेच घ्या. कॅमेऱ्यातून हवेत काही दाखवायचं नसेल तर युनिटी या गेम इंजिनच्या वाटेला जाऊ नका, अ‍ॅपचा आकार उगाच फुगतो.

डेटाबेस

पोस्टग्रेस आणि त्याला जोडलेलं, नकाशावरचे बिंदू हाताळणारं पोस्टजीआयएस. यात 'जिओग्राफी' प्रकारचा स्तंभ घेतला की अंतरं थेट मीटरमध्ये मिळतात आणि 'या बिंदूपासून इतक्या मीटरच्या आत काय आहे' हे विचारायला तयार फंक्शन आहे. त्या स्तंभावर जिस्ट इंडेक्स (जवळचे बिंदू पटकन शोधून देणारी सूची) टाकायला विसरू नका.

टेबलं चार पुरतात. खेळाडू. ठिकाणं (नाव, बिंदू, त्रिज्या, प्रश्न, उत्तर, चालू की बंद). शिक्के (कोणाला, कुठला, किती वाजता). आणि हालचाली, म्हणजे फोनकडून आलेली कच्ची लोकेशन्स. शिक्क्यांच्या टेबलात खेळाडू आणि ठिकाण या जोडीवर युनिक बंधन घाला, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदली जाणार नाही. रेंज गेली की लोक एकच बटण पाच वेळा दाबतात. ही पुनरावृत्ती कोडमध्ये तपासत बसलात तर दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी येऊन निसटतील. डेटाबेसच्या बंधनातून काही निसटत नाही.

एक खड्डा मात्र आधीच दाखवते. आपण बोलताना 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, त्यामुळे हात आपोआप अक्षांश आधी लिहितो. पोस्टजीआयएसमध्ये बिंदू बनवताना रेखांश आधी येतो. पुणे म्हणजे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८५ पूर्व. मी ते उलटं भरलं. एकाही खेळाडूला जवळपास एकही ठिकाण दिसेना. दोन तास मी इंडेक्सला दोष दिला. शेवटी एक बिंदू नकाशावर टाकून पाहिला, तर आमची मंडई नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या जवळ समुद्रात तरंगत होती. तेव्हापासून टेबलावरच एक अट घातली आहे: अक्षांश १८ ते १९ आणि रेखांश ७३ ते ७५ यांच्या बाहेर असेल तर नोंद नाकारायची.

एच-थ्री, एस-टू, जिओहॅश अशी नावं वाचून बिचकू नका. पृथ्वीचे षटकोनी किंवा चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक द्यायच्या या पद्धती आहेत. लाखो बिंदू आणि अनेक सर्व्हर असले की त्या लागतात. साठ ठिकाणांसाठी साधा इंडेक्ससुद्धा चैनच आहे.

पोचला की नाही, हे कसं ठरवायचं

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला आणि तुम्हीही घालवावा. फोन बिंदू देतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो एक वर्तुळ देतो. अँड्रॉइडमध्ये 'अचूकता १८ मीटर' याचा अर्थ, तुम्ही त्या १८ मीटरच्या वर्तुळात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के. म्हणजे तीनातला एक जण वर्तुळाच्या बाहेरच असतो. हे समजलं की 'अंतर त्रिज्येपेक्षा कमी असेल तर हो' हा भाबडा नियम का फसतो ते कळतं. गल्लीत देवळासमोर हात जोडून उभ्या असलेल्या आजोबांना अ‍ॅप म्हणतं, "अजून ११ मीटर पुढे जा." पुढे भिंत.

आमचा नियम असा आहे. अंतरातून अचूकता वजा करायची आणि उरलेला आकडा त्रिज्येइतका किंवा कमी असेल तर पोचला. उदाहरण घ्या. तांबडी जोगेश्वरीची त्रिज्या ३५ मीटर. फोनचा बिंदू आमच्या बिंदूपेक्षा अक्षांशात ०.०००३ आणि रेखांशात ०.०००२ ने हलला आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, तेव्हा ते ३३ मीटर झाले. रेखांशाचा अंश उत्तरेकडे जाताना आखडत जातो, पुण्यात तो साधारण १०५.५ किलोमीटर भरतो, म्हणजे २१ मीटर. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ३९ मीटर. साध्या नियमाने हा माणूस बाहेर. फोनची अचूकता १८ मीटर, ३९ वजा १८ म्हणजे २१. आत. (डेटाबेस हे सगळं स्वतः करतो. पण एकदा हाताने केलेलं बरं, नंतर आकडे बघितल्याबरोबर खटकतात.)

आता यातली पळवाट. अचूकता फोनच सांगतो. एखाद्याने ती ५०० मीटर म्हणून पाठवली तर वजाबाकीत अर्ध्या पेठेचे शिक्के मिळतील. म्हणून सवलतीला कमाल मर्यादा घाला. आमच्याकडे ती २५ मीटर आहे. आणि अचूकता ५० मीटरपेक्षा वाईट असेल तर निर्णयच द्यायचा नाही. "थांबा, जीपीएस स्थिरावतंय. शक्य असेल तर मोकळ्या जागेत या," एवढं दाखवायचं. हे वाक्य लिहिताना मी 'त्रुटी' हा शब्द टाळला. माणूस योग्य जागी उभा असताना चूक झाली असं सांगितलं की तो अ‍ॅप काढून टाकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फडफड. हद्दीच्या काठावर उभं राहिलं की बिंदू आत-बाहेर करतो, प्रश्न उघडतो आणि लगेच मिटतो. उत्तर टाइप करताना असं झालं की माणूस वैतागतो. उपाय सोपा. आत यायची हद्द ३५ मीटर असेल तर बाहेर जायची ५० ठेवा. एकदा प्रश्न उघडला की दोन मिनिटं तो मिटवायचाच नाही.

फोन आणि सर्व्हरचं बोलणं

इतर खेळाडू नकाशावर चालताना दिसायला हवे असतील तर वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडी राहणारी जोडणी, लागते. आमच्या खेळात इतर खेळाडू दिसत नाहीत, त्यामुळे साध्या एचटीटीपीएस रिक्वेस्ट पुरतात. तीनच कॉल आहेत: लॉगिन, जवळची ठिकाणं, आणि शिक्क्याची मागणी.

शिक्क्याच्या मागणीत ठिकाणाचा क्रमांक, अक्षांश, रेखांश, अचूकता, उत्तर आणि फोननेच तयार केलेली एक यादृच्छिक खूण जाते. खूण कशासाठी? पेठांमध्ये रेंज येते-जाते. मागणी सर्व्हरपर्यंत पोचते, शिक्का नोंदला जातो, पण उत्तर परत येताना वाटेत हरवतं. फोन पुन्हा तीच मागणी त्याच खुणेसह पाठवतो, सर्व्हर खूण ओळखतो आणि आधीचंच उत्तर परत देतो. नाहीतर लोकांना "हा शिक्का तुम्ही आधीच घेतला आहे" असा उर्मट निरोप जातो, आणि त्यांना तर तो मिळालेलाच नसतो.

रेंज अजिबात नसेल तर मागणी फोनमध्ये रांगेत ठेवा. इथे वेळेचा घोळ होतो. फोनचं घड्याळ माणूस बदलू शकतो. म्हणून घड्याळाची वेळ पाठवू नका. फोन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला हा आकडा मागणीच्या क्षणी टिपा, पाठवताना पुन्हा टिपा, आणि फरक कळवा. सर्व्हर स्वतःच्या घड्याळातून तो फरक मागे मोजतो. रांगेतली मागणी वीस मिनिटांपेक्षा जुनी असेल तर आम्ही ती घेत नाही.

परवानगी, बॅटरी, नकाशा

लोकेशनची परवानगी अ‍ॅप उघडल्याउघडल्या मागू नका. आधी एका पडद्यावर सांगा की ती का हवी आहे, मग विचारा. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून माणूस 'अंदाजे लोकेशन' निवडू शकतो. अँड्रॉइडवर अंदाजे म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर. त्यात आमच्या सगळ्या पेठा मावतात. अशा वेळी अ‍ॅपने गप्प बसून चालत नाही, अचूक लोकेशन चालू करायला सांगावं लागतं. अ‍ॅप बंद असतानाही चालणारं, म्हणजे बॅकग्राउंड लोकेशन, शक्यतो मागूच नका. प्ले स्टोअर त्यासाठी वेगळी तपासणी करतं, आणि खिशात फोन ठेवून खेळायचा हा खेळ नव्हेच.

बॅटरीसाठी एकच सल्ला. दर सेकंदाला लोकेशन वाचू नका, पंधरा मीटर हललं की वाचा. माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर चालतो, म्हणजे बाराएक सेकंदांतून एकदा. वडापाव खायला थांबला की वाचणंही थांबतं. फक्त ठिकाण शंभर मीटरच्या आत आलं की वेग वाढवा.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवरून घ्या, कोपऱ्यात त्यांचा श्रेयनिर्देश ठेवा. पण त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवरून टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) घाऊक प्रमाणात उतरवून घेऊ नका, त्यांच्या नियमांत ते बसत नाही. शहराच्या मध्यभागाची छोटी फाइल स्वतः तयार करून अ‍ॅपमध्येच भरता येते, मग रेंज नसली तरी गल्ल्या दिसतात. झूम शहराच्या बाहेर जाऊ देऊ नका. देशाच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे न दाखवणं हा आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. सीमा दिसल्याच नाहीत तर प्रश्नच मिटला.

नागपूरचा कसबा

मावसभावाने काय केलं होतं? फुकट मिळणारं खोटं लोकेशन दाखवणारं एक अ‍ॅप. अँड्रॉइड प्रत्येक लोकेशनबरोबर 'हे बनावट आहे की नाही' अशी खूण देतो. ती वाचा, पण तिच्यावर विसंबू नका, रूट केलेल्या (आतली कुलपं काढलेल्या) फोनवर ती लपवता येते.

सर्व्हरवर वेग तपासणं जास्त कामाचं. आधीचं मान्य झालेलं ठिकाण आणि आताचं, यांमधलं अंतर भागिले वेळ. ४० सेकंदांत ९०० मीटर म्हणजे ताशी ८१ किलोमीटर. लक्ष्मी रोडवर हे रविवारी पहाटेही जमायचं नाही. मात्र एका उडीवरून कोणाला बाहेर काढू नका. गल्लीत जीपीएस पाच सेकंदांत ऐंशी मीटर उडतो, म्हणजे हिशेबाने ताशी ५८ किलोमीटर, आणि बिचारा माणूस भेळ खात उभा असतो. निदान एका मिनिटाचा टप्पा धरा, आणि शंका आली तर शिक्का 'तपासणीत' ठेवा. रांगेतून पकडल्यासारखं ओढून काढू नका.

सगळ्यात स्वस्त पहारेकरी म्हणजे प्रश्न. गूगलवर न सापडणारा, तिथे उभं राहिल्यावरच दिसणारा. 'विश्रामबागवाडा कोणी बांधला' हे नागपुरातून सांगता येतं. 'समोर उभं राहिल्यावर डाव्या हाताच्या खांबावर काय कोरलं आहे' हे सांगायला यावं लागतं. मावसभाऊ आता आमचा अधिकृत चोर आहे. नवा नियम आला की आधी त्याच्याकडे जातो.

सर्व्हर चढवणं

दोनशे जण एकाच वेळी चालत असले आणि प्रत्येकाकडून बारा सेकंदांतून एक रिक्वेस्ट आली, तर सेकंदाला सतरा होतात. दोन जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर हे सहज पेलतो. तो मुंबई विभागातला घ्या. पुढे कॅडी हा वेब सर्व्हर ठेवा, तो एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र स्वतः आणतो आणि स्वतः नूतनीकरणही करतो. डेटाबेसची प्रत रोज रात्री दुसरीकडे जाऊ द्या, आणि महिन्यातून एकदा ती खरंच उघडते का ते पाहा. त्रिज्या, सवलतीची मर्यादा, वेगाची अट हे आकडे सर्व्हरवर ठेवा, अ‍ॅपमध्ये पुरू नका. मंडईतला मांडव उभा राहिला आणि वाट बंद झाली, की ते ठिकाण आम्ही फोनवरूनच 'बंद' करतो.

हालचालींचं टेबल सात दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कोण कधी कुठून चाललं ही माहिती साठवून ठेवण्यासारखी नाही, जपण्याची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्यांच्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. आम्ही खातं फक्त प्रौढांना देतो. मुलं आईबाबांच्या फोनवर, त्यांच्याबरोबर खेळतात. पैसे लावण्याचा भाग मुळीच नाही, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणाऱ्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यामुळे तो प्रश्नच उरत नाही.

बाहेर काढण्याआधी

इम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या नकली फोनवर, मार्गाची फाइल चालवून घरबसल्या खूप चुका सापडतात, पण उन्हाच्या सापडत नाहीत. दुपारी बाराला वाड्यासमोर आमचा हलका राखाडी मजकूर कोणालाच वाचता आला नाही. पावसात ओल्या बोटाने छोटं बटण लागत नाही. आजीच्या फोनमध्ये अक्षरं मोठी केलेली असतात, तिथे प्रश्न पडद्याबाहेर गेला. या तिन्ही गोष्टी पायी फिरल्यावरच कळल्या.

प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९. नवं वैयक्तिक खातं असेल तर प्ले स्टोअर आधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यायला लावतं. ही माणसं शेवटच्या आठवड्यात शोधायला निघू नका, आमचे पंधरा दिवस त्यातच गेले. बारामध्ये निदान चार जण पेठेत राहणारे घ्या. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता गर्दीत तुळशीबागेत लोकेशन किती हलतं, हे तेच सांगू शकतात.